वनमालाबाईंचा चेंबर

दत्ताराम मिस्त्रीने गटाराच्या लाइनवर बसवायचे दोन तयार चेंबर रिक्षातून उतरवले आणि वनमालाबाईंच्या मागच्या अंगणात मांडले. एक लहान, अरुंद तोंडाचा. दुसरा मोठा, रुंद झाकणाचा.

"सर्वेश चिडलाय," बाई म्हणाल्या. सर्वेश त्यांचा भाचा. "म्हणतो, मावशी, दर दोन महिन्यांनी गटाराची लाइन तुंबते म्हणजे काय? एकदाचं कायमचं करून टाक."

"बरोबरच आहे त्यांचं," दत्ताराम म्हणाला.

नाहूरच्या या बैठ्या घराची लाइन गेली चार वर्षं तोच साफ करत होता. काम पाऊण तासाचं. मग आल्याचा चहा, आणि चहावर चांगला दीड तास गप्पा. बाई निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या. हा विधुर. त्याच्या गुडघ्याची चौकशी करणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. मधल्या दिवसांत फोन वाजला की बाईंचाच असेल म्हणून गडी हातातलं काम टाकून धावायचा, आणि निघायची पवईच्या फ्लॅटची जाहिरात.

लहान चेंबर बसवून मोकळं व्हावं, कोणाला कळणार होतं? सकाळपासून हा मोह त्याला छळत होता. पण तीस वर्षांत त्याने कोणाच्या घरी खोटं काम केलं नव्हतं. त्याची सुरुवात बाईंच्या अंगणात करायची म्हणजे हद्दच झाली.

"मोठाच घ्या, सिस्टर," तो एका दमात म्हणाला. "स्वयंपाकघराचं आणि बाथरूमचं पाणी या वळणावर एकत्र येतं. यात दोन्हींना वेगवेगळी तोंडं आहेत. तळ गुळगुळीत, काही अडकतच नाही."

"मग तुम्हाला कधी बोलवावं लागेल?"

"नाही लागणार." हे सांगताना त्याला बाईंकडे बघवेना.

"आणि हा लहान?"

"तो कामाचा नाही. इथे बसवलात तर दोन महिन्यांत तुंबलाच म्हणून समजा."

दत्तारामने मोठा चेंबर खड्ड्याजवळ ओढला आणि फावडं उचललं. आजचा चहा शेवटचा, हे त्याने मनाशी धरलं होतं.

"लहानच बसवा," बाई म्हणाल्या. "आणि सर्वेशने विचारलं तर सांगा, मोठा कुठे मिळाला नाही."