खाकी पिशवीतली नानकटाई

रऊफ दुकानाच्या पायरीवर वाकून पुन्हा थुंकला. नानकटाईचा एकच घास खाल्ला होता, पण कडूपणा जिभेला असा चिकटला की चूळ भरून जाईना, चहाने जाईना. शेवटी खांद्यावरच्या टॉवेलने त्याने जीभ खरवडली. टॉवेलवर पिवळा डाग उमटला.

समोर टेम्पो उभा होता. आत नानकटाईच्या खाकी कागदी पिशव्या रचलेल्या, वर ताडपत्री. उद्या पंधरा ऑगस्ट. हा खाऊ उमरठच्या शाळेतल्या पोरांना जायचा होता.

"रऊफभाई, निघायचं ना?" टेम्पोजवळ उभ्या मुकुलसरांनी विचारलं. बाजारातून प्लास्टिक हटवायचं सगळं त्यांनीच मनावर घेतलेलं. "पाऊस थांबलाय तोवर पोलादपूर तरी गाठू."

"सर, आधी ही खा."

रऊफने नानकटाई पुढे धरली. खालची बाजू हळदीत बुडवल्यासारखी पिवळी झाली होती. सरांनी हात खिशातच ठेवला.

"तूप खराब लागलं असेल."

"तूप?" रऊफ उठलाच. त्याने ट्रेमधली नानकटाई उचलली आणि सरांसमोर कराकरा चावून खाल्ली. "एकाच भट्टीतली हाय. हिला काय झालं नाय. पिशवीत गेली तिचीच वाट लागली."



पुरानंतर महाडात प्लास्टिकचं नाव काढायची सोय नव्हती. गटारात तुंबलेल्या पिशव्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने उपसल्या होत्या, त्यात काय काय निघालं ते कोणी विसरलं नव्हतं. सरांनी दुकानादुकानांत नमुने फिरवले होते. कापडी पिशवी परवडेना. पानाच्या द्रोणात नानकटाई सादळायची. वर्तमानपत्राच्या पुड्या रऊफनेच उडवून लावल्या, शाई खाण्याला लागते म्हणून. मग पोलादपूरच्या बचत गटाच्या गोदावरीबाईंनी ही खाकी पिशवी आणली. जाड, गुळगुळीत, मुंबईच्या दुकानात मिळते तशी. रऊफने हात फिरवून बघितला होता आणि जाम खूश झाला होता.

गोदावरीबाई आत बाकड्यावर बसलेल्या. नवीन पिशव्यांचा गठ्ठा मांडीवर.

"गोदावरीबाय, हा कागद कुठला हाय?"

"केमिकल कंपनीच्या पोत्यांचा. भंगारवाला आणून टाकतो."

"कसली पोती?"

"पावडरीची. एकात एक कागद असतात बघा. वरल्यावर कायबाय छापलेलं असतं, तो कसा चालंल खाण्याला? तो आम्ही काढून टाकतो. अगदी आतला घेतो, कोरा."

रऊफने डोळे मिटले. "म्हणजे ज्याच्यात पावडर असते तो."

"पावडर ठेवतो होय रे भाय! घरच्या अंगणात चांगली झाडतो. मग ओलं फडकं मारून उन्हात घालतो. एक कण दिसायचा नाय."

रऊफने एक पिशवी उघडून नाकाशी नेली. आंबूस, घशात टोचणारा वास. हाच वास चार दिवस दुकानात होता आणि नव्या कागदाचा म्हणून रऊफ तो मजेने हुंगत होता. त्याने पिशवी फेकली आणि तो हात लुंगीला पुसत राहिला.

मुकुलसर जवळ आले. आवाज बारीक करून म्हणाले, "हे बघा, सगळ्याच पिवळ्या पडल्या नसतील. वरवर बघून चांगल्या काढू. उद्या तालुक्याचे साहेब येतायत. पहिलं प्लास्टिकमुक्त दुकान म्हणून तुमचं नाव घेणार आहेत. आता ऐन वेळी मी काय सांगू?"

"सांगा, रऊफने पोरांना विष चारलं नाय म्हणून."

"अहो, एवढं काय होतंय एका नानकटाईने?"

"मग घ्या की." रऊफने ती पिवळी नानकटाई सरांच्या ओठांपर्यंत नेली. सर एकदम मागे सरले, पाय गटारात जाता जाता वाचला. रऊफ त्यांच्याकडे असा बघत राहिला जसं काही ताटात झुरळ निघालंय.

मग तो टेम्पोवर चढला. ताडपत्री ओढली आणि पिशव्या खाली टाकायला लागला. काही फुटल्या. आतल्या सगळ्या नानकटायांची बुडं पिवळी. वासाने एक कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं.

"अरे, अन्न हाय ते!" गोदावरीबाई धावत बाहेर आल्या. "बायांनी दिवसरात्र बसून केल्यात पिशव्या. तुला नको तर नको म्हण, रस्त्यावर काय फेकतोस?"

"बाय, कडू झालीय. तोंडात धरवत नाय."

"बघू."

तो खाली उतरेपर्यंत त्यांनी एक नानकटाई उचलली, फुंकर मारली आणि तोंडात टाकली. रऊफ ओरडला. त्या नीट चावत होत्या, सावकाश, चव बघितल्यासारख्या. मग गिळली.

"कुठं कडू हाय रे?" त्या म्हणाल्या. "हल्ली घरी भात पण असाच लागतो."