वाकडी मूठ

गोरखने सारोळ्यातल्या आपल्या दुकानातलं खुरपं पुढे केलं आणि संपतने त्यावर झडपच घातली.

"बघा मॅडम! पाठीला तीन दात, मूठ डावीकडं वाकडी. माझंच हाय!"

सुलक्षणा पुण्याची वकील. संपतचा पेटंटचा अर्ज तीच भरत होती. वरवे बुद्रुकला त्याचा लहानसा कारखाना होता. तण काढून त्याच हाताने गोळा करणारं हे खुरपं त्याच्या नावावर झालं तर कारखाना तरणार होता. अशा नकला निघत राहिल्या, तर दाराला कुलूप.

"दात कुणालाबी सुचतील," संपत म्हणाला. "पण वाकडी मूठ? नक्कल करणारा तीबी उचलतो, आन कशापायी वाकडी ते त्याला ठावं नसतं."

सुलक्षणाला ही कसोटी फारच पटली. तिने गोरखला विचारलं, "मूठ वाकडी का?"

"काय की बा. गिऱ्हाइकं मनगट दुखतं म्हणत्यात."

संपत खूश झाला.

"आणि खरं कारण?" तिने संपतला विचारलं.

"धंद्यातलं गुपित हाय, मॅडम. अर्ज मंजूर झाला की सांगतो."

गोरख बिचारा रडकुंडीला आला. "शेठ, तुमचं म्या बघितलंबी न्हाई. वेल्ह्याकडं धनगरवाड्यावर कोंडाबाई हायेत, त्यांच्याकडचं बघून केलं."

"त्यांनी माझंच घेतलं असंल."

"मग विचारूनच येऊ," सुलक्षणा म्हणाली.

"इतक्या लांब? रस्ता लई बेकार हाय, मॅडम."

पण सुलक्षणाला आता राहवेना. तिने संपतला बरोबर घेऊन गाडी काढली.

कोंडाबाई नाचणीच्या तुकड्यात खुरपत होत्या. त्यांच्या खुरप्याची मूठ तशीच वाकडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, पात्याच्या पाठीला तीन दात. सुलक्षणाने संपतचं कोरं खुरपं त्यांच्यापुढे धरलं. "आजी, ही मूठ वाकडी का असते?"

कोंडाबाईंनी उजवा हात वर केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती.

"कडबा तोडताना गेली. सरळ मूठ धरवंना, म्हणून लोहाराकडनं वाकवून घेतली."

मग त्यांनी संपतकडे निरखून पाहिलं.

"पाव्हणं, पाणी प्यायला थांबला व्हतात, तवा सुतळीनं माप घेतलंत. एवढं तरी इचारायचं व्हतं."