आखूड ठेव हं

"मोबाइल बंद ठेवा, आणि खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या," मॅनेजर लिंडक्विस्टसाहेब पडद्यासमोर उभे राहून म्हणाले. प्रेक्षक हसले. साहेबही हसले आणि हसत हसतच पडद्याआड परत आले.

ओडेसा पडद्यामागे कान लावून उभी होती. आणखी काहीतरी बोलतील म्हणून तिने वाट पाहिली. मग तिला कळलं, झालं. एवढंच होतं.

"माझं नाव?" तिने विचारलं.

"अगं हो, नाव..." साहेबांनी टाय सारखा केला. "हॉल कॅरोलिनच्या नावावर भरलाय, ओडेसा. सुरुवातीलाच लोकांचा विरस कशाला? मध्यंतरात सांगतो की!"

ऑपेरातली रीत साधी असते. मुख्य गायिकेचा घसा बसला तर ती नुसता अभिनय करते, नुसतं तोंड हलवते, आणि राखीव गायिका कडेला उभी राहून तिच्यासाठी गाते. मात्र पडदा उघडायच्या आधी मॅनेजरने लोकांना तसं सांगायचं असतं. नाव घेऊन. आज सकाळपासून कॅरोलिनच्या घशातून नुसती हवा येत होती. आणि ओडेसा? ती इथे कायमचीच राखीव. दरवर्षी नव्या राणीची भूमिका पाठ करायची आणि दरवर्षी ती नुसती पाठच राहायची.

म्हणून तर आज गायचंय असा निरोप आल्या आल्या तिने वर्डेलमावशीला फोन केला होता. मावशी आणि तिच्या चर्चमधल्या सगळ्या बायका रविवारची प्रार्थना आटोपून, तशाच मोठाल्या टोप्या घालून थेट आल्या होत्या. वरच्या माळ्यावर, अगदी शेवटच्या रांगेत.

"चर्चमध्ये गाणं रंगलं की 'दमानं घे!' म्हणून ओरडतेस, तसं इथे ओरडायचं नाही हं, मावशी," ओडेसाने तिला बजावलं होतं. "इथे कुणी चूंसुद्धा करत नाही."

"मग गाणं आवडलं हे तुला कळणार कसं?" मावशीने विचारलं होतं.

पडदा उघडला. लख्ख उजेडात, पांढऱ्या झग्यात, राणी झालेली कॅरोलिन. कडेला टांगलेल्या काळ्या कापडामागे, काळ्या कपड्यांत ओडेसा. समोर एक छोटा टीव्ही, त्यात वाद्यवृंद चालवणाऱ्या म्हाताऱ्या अब्रामसनचा चेहरा आणि हात. ती गायली. आपल्याच आवाजाला दुसरीच्या अंगात शिरताना बघत गायली. टाळ्या पडल्या की कॅरोलिन मान लववायची.

मध्यंतरात ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आता?" साहेबांनी डोळे मोठे केले. "अगं, लोक म्हणतायत, कॅरोलिन आयुष्यात कधी इतकी सुंदर गायली नव्हती! आता सांगणं बरं दिसेल का? बिचारीला किती लागेल!"

ओडेसाची कानशिलं तापली. तिने हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. ती तशीच वळून निघाली. आवाज तिला जपायचा होता.

फोनवर मावशीचा निरोप येऊन पडला होता. तिने तो कानाला लावला.

"ओडेसा, आहेस कुठे तू? आम्ही सगळ्या केव्हापासून दुर्बिणीतून शोधतोय. म्हातारीला उगाच जिने चढायला लावलंस! आणि काय गं, त्या पांढऱ्या झग्यातल्या बाईने तुझा आवाज कुठून आणला?"

तिने तो निरोप पुन्हा एकदा ऐकला.

शेवटच्या अंकाआधी कॅरोलिन काळ्या कापडापाशी आली. गळ्याभोवती स्कार्फ, हातात गरम पाण्याचा पेला. ओडेसाला वाटलं, आभार मानेल. निदान तोंडदेखले.

"शेवटचा सूर आखूड ठेव हं," कॅरोलिन घोगऱ्या आवाजात कुजबुजली. "नुसतं तोंड उघडं ठेवलं की घसा कोरडा पडतो गं. खोकला येतो."

आणि ती उजेडात निघून गेली.

राणीचा शेवट आला. सगळी वाद्यं थांबली. कॅरोलिनने हात पसरले, तोंड उघडलं. ओडेसाने पोट भरून श्वास घेतला आणि सूर लावला.

आखूड ठेवायची जागा आली. गेली.

टीव्हीत अब्रामसनचा हात हवेतच थांबला. भुवया वर गेल्या, पण हात खाली आला नाही. कॅरोलिनची मान थरथरायला लागली. तिचे डोळे भरले. तिने तोंड तसंच धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि मग उबळ आली. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

सूर चालूच होता.

राणीचं तोंड बंद, आणि हॉल आवाजाने काठोकाठ भरलेला! एकेक करत माना वळायला लागल्या. काळ्या कापडाकडे. पलीकडच्या कडेला लिंडक्विस्टसाहेब गळ्यावरून सुरी फिरवल्यासारखा हात फिरवत होते. बंद कर, बंद कर! ओडेसाने त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि सूर आणखी मोठा केला.

तेव्हा वरच्या माळ्यावरून, जिथे कुणी चूंसुद्धा करत नाही तिथून, चर्चच्या पहिल्या बाकावरून यावी तशी खणखणीत हाक आली.

"दमानं घे, पोरी! दमानं!"