अंदमानचा कौल

मे महिन्यात अंदमानला जायचं, असं सेजलने ठरवूनच टाकलं होतं. उशीला टेकून ती फोनवर हॉटेलं बघत होती. "तिकिटं काढायच्या आधी देवाला विचारून ये," तिने नवऱ्याला सांगितलं.

गौरेश देवळात गेला. भटजींनी मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.

"काय विचारू?"

"डॉक्टर म्हणतात, सेजल एप्रिल काढणार नाही. तिला सांगू काय नको?"

डावी पाकळी पडली.

भटजींनी ती उचलून हातात घेतली. "सोमवारी तू कामावर गेल्यावर ती रिक्षा करून आली होती," ते म्हणाले. "आपल्याला सगळं कळलंय, हे तुला सांगू काय नको, विचारत होती. तिलाही डावीच पडली."

तो घरी आला तेव्हा ती हॉटेलंच बघत होती.

"काय म्हणाला देव?"

"जा म्हणाला."

"मग विमानात खिडकी माझी," सेजल म्हणाली.