नथूशेटची घंटा

"शपथ मारुतीची! माघाचं भाडं नाय, फाल्गुनाचं नाय, एक पैसा पोचला नाय मला!" असं म्हणत नथूशेटनं फडक्यात बांधलेली पितळी घंटा गड्याकरवी सोमाच्या पुढ्यात ठेवली.

सोमाच्या हातातली छिन्नी थांबली. तांबट आळीतल्या या एवढ्याशा खोलीत तो भांड्यांवर नावं घालायचा आणि त्याच खोलीत नवराबायको निजायची. आणि खोलीचा मालक देवाची शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलत होता.

"माझ्या हातानं दिलेत, शेट!" त्याची बायको नवसाबाई चुलीपुढून ताडकन उठली. "माघाचं चार दिवस उशिरा दिलं, म्हणून वर चार आणे दंड घेतलात. फाल्गुनाचं तर वेळेच्या आधी आणून दिलं. तुमच्या ओट्यावर, तुमच्या ओंजळीत!"

"पावती दाखव."

"दिलीत कधी तुम्ही?"

"बायकांच्या तोंडाला पावती म्हणत नाहीत. वहीत असंल ते खरं."

वही म्हणे! त्या वहीची कीर्ती सगळ्या आळीला ठाऊक होती. उशीर झाला की तो तिथं लगेच चढायचा, त्याच्या डोक्यावर दंड चढायचा, पण भाडं दिलं ते काही केल्या चढायचं नाही. कुणी पावती मागितलीच तर शेट छातीला हात लावायचा, "का रे, माझ्या जिभेवर भरवसा नाय?" बाजारात जर्मनची हलकी, स्वस्त भांडी आल्यापासून आधीच पितळेला कुणी विचारत नव्हतं. त्यात तेच भाडं पुन्हा आणायचं कुठून?

"उद्या हनुमान जयंती," शेट म्हणाला. "आपल्या गंगेवरच्या मारुतीला घंटा वाहतोय. माझं नाव घाल, चांगलं ठसठशीत. तुझी मजुरी दंडातून वळती करतो. जयंती झाली की भाडं टाक, नायतर खोली खाली कर. संध्याकाळी गडी येईल. घंटा फडक्यात बांधूनच दे. देवाची वस्तू देवापुढंच सोडायची, आमच्या घरची रीत हाय ती."

आणि दारातच पानाची पिंक टाकून मेला चालता झाला.

"गाय मारून जोडा दान!" नवसाबाई कडाडली. "आपलं भाडं गिळलं आणि त्याचीच घंटा ओतली. घाला, नाव घाला त्याचं! सोन्यानं घाला!"

सोमाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पैसे खाल्ले ते खाल्ले, तसले चोर गावात पुष्कळ होते. पण शपथ मारुतीची, घंटाही मारुतीला, आणि तिच्यावर नाव घालायचं ते सोमानंच?

त्यानं फडकं सोडलं. शेटचं नाव घातलं, सांगितलं होतं तसं ठसठशीत. मग नावाखालची कोरी जागा बोटानं चाचपली.

"मारुतीला साक्षी ठेवतोस काय?" तो दात खाऊन म्हणाला. "मग त्यालाच वाचू दे."

हातोडी पुन्हा चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, जन्म झाला, सुंठवडा वाटला. खंडेराव गुरवानं घंटा सभामंडपात टांगली, फडकं सोडलं आणि दात्याचं नाव सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्यानं वाचायला घेतलं.

"श्रीमारुतीचरणी अर्पण. नथूशेट." नथूशेटनं नम्रपणे मान तुकवली. "सोमा तांबट याजकडून माघाचे भाडे दंडासह पावले. फाल्गुनाचे भाडे..." गुरव अडखळला, डोळे बारीक करून त्यानं पुन्हा पाहिलं. "पावले."

सगळ्यांच्या माना नथूशेटकडे वळल्या. मग तांबट आळीतलं कुणीतरी मागून ओरडलं, "वा शेट! पावती द्यावी तर अशी!" आणि सगळा मंडप हसायला लागला.

"खोटं हाय ते!" नथूशेट लालबुंद झाला. "साफ खोटं! उतरवा घंटा!"

"असं कसं, शेट?" गुरव म्हणाला. "देवाला खोटी वस्तू वाहिलीत का? आणि चढवलेली घंटा उतरवत नाहीत. पहिला टोला दात्याचा. चला, वाजवा."

शेटचा हात वर जाईना. वाजवावी तर पावती खरी, न वाजवावी तर देवाला वाहिलेली घंटा खोटी. सोमा खांबाआड उभा होता. आता खोली जाते की राहते, त्याला काही समजत नव्हतं.

नवसाबाईला मात्र समजलं होतं. तिनं पदर खोचला, गर्दीतून वाट काढत ती घंटेखाली आली आणि लोलकाची दोरी तिनं हातात घेतली.

"हा माघाचा!"

टोला गंगेच्या पाण्यावरून पार पलीकडच्या काठाला गेला.

"हा फाल्गुनाचा!"

मग तिनं दोरी नथूशेटच्या पुढं धरली.

"आता दंडाचा तुम्ही वाजवा, शेट."