शाप मागं घ्यायला

पाटाच्या पाण्याची पाळी तेरेजाबाईची असताना महिपतीनं पाणी आपल्या उसाकडं वळवलं, तेव्हा बोटं मोडत तिनं शाप दिला, “हात झडंल तुझा, मुडद्या!” बारामतीहून सायकलवर येणाऱ्या फादरांपुढं पापकबुली देताना तिनं ते सांगितलं. “कुणाचं मनापासून वाईट चिंतणं मोठं पाप. आधी शाप मागं घे, मगच ख्रिस्तप्रसादाला ये,” फादर म्हणाले. फादरांचं काय जातंय! वांगी तिची वाळली होती. तरी चरफडत ती महिपतीच्या दारात गेली. त्याची बायको बनाबाई भाकरी थापत होती. “शाप मागं घ्यायला आलीया,” तेरेजाबाई म्हणाली. बनाबाईनं पिठाच्या हातांनी तिचे पाय धरले. “नगं, बाई! तुझ्या शापाच्या भ्यानं म्हैनाभर त्यानं माझ्यावर हात उगारला न्हाय.” तेरेजाबाई माघारी फिरली. रविवारी चर्चमध्ये सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले. ती मात्र शाप सांभाळत बसून राहिली.