निघण्याआधीचं बसणं

“बसा,” राईसा पावलोव्हना म्हणाली.

घरातली तिन्ही माणसं कोट-टोप्या चढवून दाराशी उभी होती. तिचा लेक मत्वेय याच्या पाठीला बॅग होती. त्यांचा भाडेकरू डंकन गाडीची किल्ली हातात खुळखुळवत होता. मत्वेयला कझाकस्तानच्या सीमेवर सोडून यायचं, एवढंच त्याचं काम. सैन्यभरतीवाले आठवडाभर रशियातल्या या समारा शहरात दारोदार फिरत होते. त्यांनी दारात गाठून हातात बोलावणं ठेवलं की पोरगा गेलाच म्हणायचा. सकाळीच समोरच्या इमारतीत त्यांनी दोघांना गाठलं होतं. आणि ही बाई म्हणते, बसा!

पण बसायचं. प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं आणि मगच उठायचं. नाहीतर गेलेलं माणूस धड परत येत नाही, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. डंकन मूळचा स्कॉटलंडचा, इंग्रजीचा मास्तर. अकरा वर्षांत तो रशियन भाषेत भाव करायला शिकला, भांडायला शिकला, आणि टीव्हीवर जे चाललंय त्याबद्दल जिन्यात ब्र काढायचा नाही, हेही शिकला. हाताची घडी, तोंडावर बोट. हे बसणं मात्र काही केल्या त्याच्या पचनी पडलं नव्हतं. दूध आणायला निघालो तरी बसवाल तुम्ही, असं तो राईसाला चिडवायचा. आज चिडवायची सोय नव्हती. तो निमूटपणे बूट घालायच्या स्टुलावर टेकला. मत्वेय बॅगेसकट खाली बसला.

तेवढ्यात दार वाजलं.

कुणी हललं नाही. पुन्हा वाजलं.

“राईसा, उघड.”

क्लावामावशी होती. ओळखीचा आवाज ऐकून जीव भांड्यात पडायचा, तर उलटंच झालं. मावशी तळमजल्यावर राहायची, इमारतीची प्रमुख होती. जिन्यातला कुठला बल्ब गेलाय इथपासून कुणाकडे कोण मुक्कामाला आलंय इथपर्यंत सगळी खबर तिला. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या मास्तरांनी फाटकावरचं सैन्याचं पोस्टर फाडलं, ते पोलिसांना कुणी कळवलं हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. मावशीनेही कधी नाही म्हटलं नव्हतं. आता तिच्या मागे भरतीवाले उभे असणार, याबद्दल राईसाला तिळमात्र शंका नव्हती. काल हिच्याच हातात तिने सफरचंदांची पिशवी ठेवली होती.

“मी मागच्या खिडकीतून...” मत्वेय कुजबुजला.

“पाचवा मजला आहे,” डंकन नुसत्या ओठांनी म्हणाला.

तिसऱ्यांदा दार वाजलं नाही. पण कुणी खाली गेल्याचंही ऐकू आलं नाही. मावशीचे गुडघे धरलेले. कठड्याला धरून, देवाला आणि जिना बांधणाऱ्याला शिव्या घालत ती उतरायची, आणि ते सगळ्या इमारतीला ऐकू जायचं. म्हणजे ती बाहेरच होती. आत तिघं बसलेली. ज्या बसण्याला डंकन हसायचा ते इतकं लांबेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला खोकला आला, तो त्याने गिळला. मत्वेयच्या कपाळावर टोपीखाली घाम होता आणि राईसा त्याच्याकडे अशी बघत होती की डंकनने मान दुसरीकडे वळवली.

शेवटी राईसाच उठली. असं बसून राहिलं तर ते आणखी माणसं घेऊन येतील, आज ना उद्या दार फोडतील, एवढं तिला कळत होतं.

“मी पुढे होते,” ती हळूच म्हणाली. “तिचं काय ते मी बघते. तू कुणाकडे बघू नकोस, कुणाला ओ देऊ नकोस. सरळ खाली जा.”

तिने कडी काढली.

बाहेर पुरुष माणूस एकही नव्हता. क्लावामावशी वरच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. घरातल्या झग्यावर कोट ओढलेला, पायांत सपाता. गार दगडावर बसू नका गं, पोटात गारठा शिरेल, म्हणून इमारतीतल्या पोरींना झोडपून काढणारी ही बाई, स्वतः उघड्या पायरीवर बसली होती.

“आतून हूं की चूं नाही, तेव्हा कळलं, बसलायत,” ती भिंतीला म्हणाली. “म्हटलं, मोडायला नको. मग मीही बसले.”

राईसाने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं.

“दोघं आलेत. माझ्या स्वयंपाकघरात बसवलेत, चहा दिलाय, मुरंबा दिलाय. माझी खिडकी मागच्या अंगणात उघडते, तेव्हा पुढच्या दाराने जा.”

मत्वेय एक पायरी उतरला आणि तिच्यापाशी घुटमळला. काहीतरी म्हणावं असं त्याच्या मनात असावं.

“चल, नीघ,” ती म्हणाली. तोंड अजून भिंतीकडेच. “उद्या मला विचारतील. पाहिला नाही, असं खरं सांगता आलं पाहिजे ना मला?”

तो तिच्या शेजारून उतरून गेला. त्याच्यामागे डंकन. निघालेल्याने मागे वळून पाहायचं नसतं. मत्वेयने पाहिलं नाही. डंकन पडला परदेशी. खालच्या वळणावरून त्याने पाहिलं.

राईसा त्याच गार पायरीवर मावशीच्या शेजारी बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.